वाचकांचे प्रश्न: फेअरी क्वीन आणि वाफेच्या इंजिनाची निगा

मागच्या अंकात 'फेअरी क्वीन' या जुन्या वाफेच्या इंजिनावर लेख आला आणि पत्रांचा ढीग लागला. बहुतेक पत्रांचा रोख एकच होता. इंजिन इतके जुने आहे हे कळले, पण ते चालते ठेवायचे म्हणजे नेमके करायचे काय? त्या पत्रांतले सात प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, पण विषयच तसा आहे.

प्रश्न : १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. ती ओढणारी इंजिने जतन न करता उत्तरेतले इंजिन जतन केले, असे का? – वाचक, ठाणे

१६ एप्रिल १८५३ च्या त्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने जोडली होती. चौदा डबे, सुमारे ४०० पाहुणे आणि ३४ किलोमीटरचा प्रवास. ही इंजिने इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत घडलेली होती. त्यांतले एकही आज शिल्लक नाही. त्या काळी इंजिन म्हणजे कामाचे यंत्र. थकले की मोडीत काढायचे आणि लोखंड-तांबे पुन्हा वापरायचे, हीच रीत होती. कोणी निवड करून एक ठेवले आणि दुसरे टाकले, असे झालेले नाही.

फेअरी क्वीन वाचली ती मोडीत जायची राहिली म्हणून. लीड्सच्या किट्सन, थॉम्पसन अँड ह्यूइटसन या कारखान्याने ती १८५५ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेसाठी बांधली. कंपनीच्या नोंदीत ती २२ क्रमांकाची. हावडा ते राणीगंज या १२१ मैलांच्या मार्गावर तिने हलक्या टपालगाड्या ओढल्या, १८५७ च्या उठावात सैन्याच्या गाड्या नेल्या आणि उतारवयात बिहारमध्ये नव्या मार्गांच्या बांधकामावर काम केले. १९०९ मध्ये ती निवृत्त झाली. मग बरीच वर्षे हावड्याला उघड्यावर उभी होती. १९४३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेली आणि तिथून दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात. १९९७ च्या ऑक्टोबरात दिल्ली कँटोनमेंटहून अलवारला ती प्रवासी घेऊन धावली. नियमित धावणारे जगातले सर्वांत जुने वाफेचे इंजिन म्हणून १९९८ मध्ये तिची गिनेस बुकात नोंद झाली.

या कहाणीत पुढे एक दुखरा भागही आहे. २०११ पर्यंत तिचे कितीतरी सुटे भाग चोरीला गेले होते आणि पेरांबूरच्या लोको वर्क्समध्ये तिची पुन्हा दुरुस्ती करावी लागली. जुन्या इंजिनावर पितळ आणि तांबे भरपूर असते: शिट्टी, कॉक, नळ्या, दाबमापकाच्या चौकटी. इंजिन उभे राहणार असेल तर हे सगळे उतरवून, प्रत्येकाला क्रमांकाची पट्टी बांधून, फोटो काढून कुलपात ठेवावे. पुन्हा बसवायला एक दिवस लागतो. हरवलेला जुना कॉक नव्याने घडवायला महिने जातात, आणि घडवल्यावरही तो नवाच असतो.

प्रश्न : फेअरी क्वीनला एवढी मोठी चाके, पण जोर फक्त एका जोडीवर. हे इंजिन आपला घाट चढले असते का? – अभियांत्रिकीचा विद्यार्थी, सांगली

हिशेब करून पाहू. तिची चाकरचना २-२-२, म्हणजे पुढे आधाराची एक जोडी, मध्ये चालक चाकांची एक आणि मागे पुन्हा आधाराची एक. सिलिंडर बाहेरच्या बाजूला दोन, व्यास १२ इंच, दट्ट्याची धाव २२ इंच. चालक चाकाचा व्यास ७२ इंच. ओढ काढायचे सूत्र सोपे आहे: सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग गुणिले दट्ट्याची धाव, भागिले चाकाचा व्यास. १४४ गुणिले २२ भागिले ७२, उत्तर येते ४४. म्हणजे सिलिंडरात पोचलेल्या प्रत्येक पौंड दाबामागे (दर चौरस इंचाला) ४४ पौंड ओढ. सिलिंडरात सरासरी ८० पौंड दाब पोचला असे धरले तर ३,५२० पौंड, साधारण १,६०० किलो.

आता ही ओढ पुरते कशाला? सपाटीवर जुन्या पद्धतीच्या गाडीला टनामागे ५ किलोच्या आसपास ओढ लागते. चढ लागला की त्यात भर पडते: १०० त १ चढाला टनामागे १० किलो, बोरघाटाच्या ३७ त १ चढाला २७ किलो. म्हणजे बोरघाटात टनामागे ३२ किलो. १,६०० ला ३२ ने भागले तर ५० टन येतात आणि त्यांतले २६ टन इंजिनाचेच. उरले २४, फार तर एखादा डबा. माथेरानच्या २० त १ चढावर ती जेमतेम स्वतःलाच वर नेईल. (गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, वेगळा असल्याने तिथे ती जाणारच नाही, पण हिशेब म्हणून.)

मोठे चाक घेतले ते वेगासाठी आणि यंत्राच्या आयुष्यासाठी. सहा फुटी चाक एका फेऱ्यात ५.७५ मीटर जाते. हावडा ते राणीगंज सुमारे ३४,००० फेरे होतात. चाक निम्मे असते तर दट्ट्या, दांडे आणि बेअरिंगे दुप्पट हलली असती, तेवढीच झिजलीही असती. बंगालच्या सपाटीवर हलक्या टपालगाडीसाठी ही रचना अगदी योग्य होती. मात्र एकाच आखावर जोर असल्यामुळे दव पडलेल्या रुळावर चाक जागच्या जागी फिरते. तेव्हा ड्रायव्हरने रेग्युलेटर (सिलिंडरात वाफ सोडणारा दांडा) लगेच मिटून, वाळू सोडून, पुन्हा हलक्या हाताने उघडायचा असतो. चाक फिरत असताना त्याखाली वाळू टाकली तर पकड एकदम बसते आणि तो झटका दांड्यांना वाकवू शकतो.

प्रश्न : नेरळ स्टेशनावर ठेवलेले माथेरानचे ७३८ क्रमांकाचे इंजिन पाहिले. एवढ्या वळणांवर ते कसे वळत असे? – वाचक, कर्जत

त्याची गंमत आखात आहे. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल कंपनीने ७३८ ते ७४१ अशी चार इंजिने या मार्गासाठी दिली. दोन फुटी गेज, सहा चाके, सहाही चाकांवर जोर. मार्गावरची काही वळणे ६० फूट त्रिज्येची, म्हणजे जेमतेम १८ मीटर. साधे सहा चाकी इंजिन अशा वळणावर रूळ घासत जाईल किंवा उतरेल.

म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या आखाला क्लीन-लिंडनर पद्धत वापरली. इथे एकात एक असे दोन आख असतात. आतला भरीव आख इंजिनाच्या सांगाड्यात पक्का बसलेला असतो. त्याच्या टोकांना बाहेरून दांडे जोडलेले, त्यामुळे तो फक्त फिरतो. त्याच्यावर पोकळ नळीसारखा दुसरा आख आणि चाके त्या नळीवर. दोघांचा संबंध फक्त मध्यभागी येतो, गोलाकार सांध्यावर आणि खिळ्यावर. खिळा फिरण्याचा जोर पोचवतो, गोलाकार सांधा नळीला थोडे डावी-उजवीकडे वळू देतो. चाके वळणाप्रमाणे कलतात, दांडे सरळच राहतात.

दुखणेही तिथेच. सांधा नळीच्या पोटात, डोळ्यांआड. तेल नीट पोचले नाही की खिळा आणि त्याची खाच झिजते, मग सुरू होताना आणि दिशा बदलताना ठक्क असा आवाज येतो. लाल माती तेलात मिसळली तर ती कानशीसारखे काम करते. तपासायचे झाले तर चाकांची जोडी इंजिनाखालून काढावीच लागते.

या मार्गावरचे 'वॉटर पाइप' हे स्टेशन त्या इंजिनांच्या पाण्याचीच आठवण आहे. आणि चढावर पाण्याचा आणखी एक पेच होता. २० त १ चढावर बॉयलरमधले पाणी प्रत्येक मीटरला ५ सेंटीमीटर मागे झुकते. पातळी दाखवणाऱ्या काचेत पाणी भरपूर दिसते. चढ संपून सपाटी आली की तेच पाणी पुढे सरकते आणि मागचा फायरबॉक्सचा, म्हणजे आग जळते त्या पेटीचा, माथा उघडा पडू शकतो. चढ संपण्याआधीच पाणी भरून घ्यायचे, हा घाटातल्या फायरमनचा पहिला धडा.

प्रश्न : पर्यटनाची गाडी सकाळी दहाला सुटणार असली तरी इंजिन आदल्या दिवशीच पेटवतात म्हणे. चहाच्या आधणासारखे भराभर का तापवत नाहीत? पेटवण्याची पूर्ण पद्धत सांगाल का? – निवृत्त शिक्षिका, पुणे

आधणाचे भांडे एकाच धातूचे आणि सगळीकडून मोकळे असते. बॉयलर तसा नाही. जुन्या ब्रिटिश घडणीत फायरबॉक्स तांब्याचा आणि बाहेरचे कवच लोखंडाचे वा पोलादाचे असते. १५० अंशांनी तापले की एक मीटर तांबे अडीच मिलिमीटर वाढते, तेवढेच पोलाद पावणेदोन. शिवाय आग पेटली की वरचे पाणी आधी तापते आणि तळाचे, राखेच्या वरच्या कडेजवळचे, बराच वेळ गारच राहते. घाई केली की वरचा भाग ताणतो, खालचा अडवतो आणि ताण येतो तो आगीचे गरम वायू पाण्यातून नेणाऱ्या नळ्यांच्या टोकांवर आणि स्टेंवर, म्हणजे फायरबॉक्सला कवचाशी जोडणाऱ्या दांड्यांवर. नळ्या तिथे फक्त ठोकून फुलवून बसवलेल्या असतात. म्हणून थंड इंजिनाला लहान असले तर पाच-सहा तास आणि मोठे असले तर दहा-बारा तास द्यावेत. रेवाडीच्या शेडमधल्या 'अकबर'सारख्या डब्ल्यूपी इंजिनाचा दाब २१० पौंड, म्हणजे आत २०० अंश तापमान. तिथवर जायचे तर चढत्या पायरीनेच जावे लागते.

पेटवण्याआधीची पाहणी आगीपेक्षा महत्त्वाची. इंजिन खरोखर उभे आहे ना ते आधी बघायचे: हातब्रेक आवळलेला, चाकांना ओट लावलेले, रेग्युलेटर बंद, रिव्हर्सर (दिशा बदलणारा दांडा) मध्यावर, सिलिंडरचे निचरा-कॉक उघडे. रेग्युलेटर किंचित गळका असला आणि निचरा बंद असला तर दाब चढल्यावर इंजिन आपण होऊन निघते. असे अपघात शेडमध्येच झालेले आहेत.

मग पाणी. काचेत किमान निम्मे दिसले पाहिजे आणि ते खरे आहे याची खात्री कॉक फिरवून करायची. याचे कारण इंजेक्टर. वाफ तयार झाल्याशिवाय तो पाणी आत ढकलू शकत नाही, तेव्हा पहिले काही तास आत आहे तेवढेच पाणी. (फेअरी क्वीन घडली तेव्हा इंजेक्टर नव्हताच. फ्रान्सच्या जिफार यांनी तो १८५८ मध्ये आणला. त्याआधीच्या इंजिनांना चालण्याच्या जोरावर फिरणारे पंप असत. गाडी खोळंबली आणि पाणी उतरले की इंजिन सोडवून रुळावर मागे-पुढे पळवावे लागे.)

नंतर फायरबॉक्समध्ये डोके घालून बॅटरीच्या उजेडात पाहायचे. माथ्यावरचे शिशाचे प्लग कोरडे हवेत. नळ्यांच्या टोकांशी पांढऱ्या क्षाराचे ओघळ दिसले तर ती नळी गळते आहे. फायरबॉक्सची भिंत आणि बाहेरचे कवच यांना साधारण १० सेंटीमीटर अंतराने स्टे जोडलेले असतात. प्रत्येक स्टेच्या टोकात एक बारीक भोक मुद्दाम पाडलेले असते. स्टे आतून तुटला की त्या भोकातून पाणी झिरपते आणि दोष बाहेर कळतो. हे भोक 'गळते' म्हणून कुणी खिळा ठोकून वा वेल्डने बुजवले तर इशारा बंद होतो आणि शेजारचे स्टे जादा भार घेत एकापाठोपाठ तुटतात. हातोडीने ठोकल्यावर चांगला स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द.

आता आग. जाळीवर कोळशाचा पातळ थर, त्यावर वाळलेली लाकडे आणि रॉकेलमध्ये भिजवलेले सुताचे बोळे. राखपेटीचा झरोका थोडाच उघडा. बॉयलरच्या माथ्यावरचा एखादा कॉक उघडा ठेवायचा, म्हणजे आतली हवा निघून जाईल. त्यातून सलग वाफ आली की तो बंद करायचा. पहिले दोन-तीन तास फक्त लाकूड. मग मूठमूठ कोळसा, आधी मागच्या कोपऱ्यांत, मग कडांना. मध्ये पातळ, कडेला जाड, असा थर ठेवला की जाळीतून थंड हवा थेट नळ्यांवर जात नाही. काटा हलून १५-२० पौंडांवर आला की ब्लोअर हळूच उघडता येतो. धुराड्यात वाफेचा बारीक फवारा सोडून तो ओढ वाढवतो. ब्लोअर पूर्ण उघडून दाब 'मारणे' हा घाईचा सर्वांत सामान्य प्रकार आणि नळ्या गळायचे सर्वांत सामान्य कारण.

इंजेक्टर चालेल इतका दाब आला की दोन्ही इंजेक्टर आळीपाळीने चालवून बघायचे. दोन्ही चालल्याशिवाय इंजिन शेडबाहेर काढू नये. शेवटी सेफ्टी व्हॉल्व ठरलेल्या दाबाला उघडतात ना, ते डोळ्यांनी बघायचे. निघताना पहिले काही फेरे निचरा-कॉक उघडेच ठेवायचे. थंड सिलिंडरात वाफेचे पाणी होते, पाणी दाबले जात नाही, आणि दट्ट्यापुढे ते अडकले तर सिलिंडरचे झाकण फुटते.

प्रश्न : शिशाचा प्लग म्हणजे काय? तो वितळला तर आग विझते का? – वाचक, सोलापूर

विझत नाही, हा गैरसमज सोडावा. पितळी प्लगच्या मधल्या भोकात शिसे भरून तो फायरबॉक्सच्या माथ्यात बसवतात. वर पाणी असेपर्यंत शिसे पाण्याच्या तापमानाला असते, २०० अंशांच्या आसपास. पाणी उतरून माथा उघडा पडला की ते ३२७ अंशांना वितळते आणि वाफेचा फवारा मोठ्या आवाजाने आगीत येतो. तो फक्त धोक्याचा इशारा. त्या क्षणी आग पाडायची किंवा ओली माती, राख टाकून दाबायची. इंजेक्टर लावायचा नाही. तापून लाल झालेल्या पत्र्यावर गार पाणी घालणे हे त्याहून वाईट.

प्लगवर वरून क्षाराची खपली चढली तर शिसे वितळूनही खपली भोक अडवून धरते आणि इशारा येतच नाही. म्हणून ठरावीक मुदतीने प्लग काढून, शिसे नवे भरून बसवतात. आणि मुळात ही वेळ येऊ नये यासाठी काच. निचरा उघडून आधी खालचा पाण्याचा कॉक बंद करायचा, नुसती वाफ सुटली पाहिजे. मग वाफेचा बंद करून पाण्याचा उघडायचा, पाणी जोरात आले पाहिजे. शेवटी वाफेचा कॉक पुन्हा उघडून निचरा बंद केल्यावर पाणी काचेत झटकन मूळ जागी चढले पाहिजे. ते रेंगाळत चढले तर वाट चोंदली आहे आणि काच खोटे सांगते आहे.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी एवढे जड की गीझर दोन वर्षांत जातो. इंजिनाला कोणते पाणी घालतात? – वाचक, अहिल्यानगर

गीझरचाच रोग इथे शंभरपट वेगाने होतो. फेअरी क्वीनच्या पाण्याच्या टाकीत सुमारे ३,००० लिटर मावते. ती टाकी सांगाड्याच्या पोटात आहे, म्हणून वरून दिसत नाही. एक किलो कोळसा साधारण सहा-सात लिटर पाण्याची वाफ करतो, तेव्हा साडेचारशे-पाचशे किलो कोळशात टाकी रिकामी. वाफ धुराड्यातून जाते, क्षार सगळे आत राहतात. दर लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असेल तर एका टाकीमागे दीड किलो.

यांतला काही भाग मऊ गाळ होऊन तळाच्या कडेत बसतो, काही दगडासारखा नळ्यांवर चिकटतो. दगडी थराखालचा पत्रा पाण्यापासून तुटतो, जास्त तापतो, फुगतो. गाळाखाली तो आतून खड्डे पडून सडतो. म्हणून तळाचा ब्लोडाऊन कॉक रोज थोडा वेळ उघडून गाळ फेकायचा आणि पाण्यात सोडा व टॅनिनचे मापात उपचार करायचे. माप चुकून जास्त झाले तर पाणी फेसाळते आणि वाफेबरोबर सिलिंडरात जाते.

बॉयलर धुणे हे खरे काम. इंजिन आपोआप गार होऊ द्यायचे, हात लावता येईल इतके, मगच पाणी सोडायचे. गरम पत्र्यावर गार पाण्याचा पाइप मारला की चिरा पडतात. सगळे धुण्याचे प्लग काढून, जिथला तिथे जावा म्हणून प्रत्येकावर खूण करायची. पाइप आधी फायरबॉक्सच्या माथ्यावर, मग नळ्यांवर, मग बाजूच्या भिंतींत आणि शेवटी तळाच्या कडेत. खालून सुरुवात केली तर वरचा गाळ पुन्हा खालीच येतो. सळईने कोपरे मोकळे करायचे. निघालेली खपली हातात घेऊन बघावी. अंड्याच्या टरफलाएवढी पातळ असेल तर उपचार बरा चालला आहे. बोटाच्या नखाहून जाड असेल तर धुण्याची मुदत कमी करा. प्लग ग्रॅफाइट लावून हातानेच फिरवत बसवावे, पान्याला शेवटचा थोडा जोर. आणि वाफ असताना गळका प्लग कधीही आवळू नये. आटा तुटला तर उकळते पाणी थेट अंगावर येते.

प्रश्न : आमच्या गावच्या बागेत वाफेचे इंजिन ठेवले आहे. दर वर्षी काळा रंग देतात, तरी पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटतात. काय चुकते? – वाचक, रत्नागिरी

रंग बाहेरून देतात आणि गंज आतून येतो. सर्वांत आधी इंजिनाच्या तोंडाचे गोल दार उघडून बघा. आत धुराड्याखाली जुनी राख आणि काजळी असेल. कोळशातला गंधक तिच्यात असतो, पावसाचे पाणी धुराड्यातून पडले की आम्ल तयार होते आणि ते तळाचा पत्रा खाते. कितीतरी इंजिनांचा हा तळ बोटाने पडेल इतका झालेला असतो आणि वर रंग चकचकीत. राख पूर्ण काढा, जाळीखालची राखपेटीही. धुराड्यावर झाकण बसवा, पण हवाबंद नको. कडेने दोन बोटे वर उचललेले आणि जाळी लावलेले असावे, म्हणजे पाणी जात नाही, दमट हवा बाहेर पडते आणि पक्षी घरटे करत नाहीत.

दुसरी जागा बॉयलर आणि त्यावरच्या पातळ पत्र्याच्या आवरणामधली. तिथे पाणी शिरले की वाळत नाही. इथे एक गंभीर सूचना: आवरणाखाली ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता बरीच असते. ते कोरडे खरवडणे फुप्फुसाला घातक, म्हणून परवानाधारक लोकांकडूनच काढून घ्यावे. जुन्या रंगाच्या तळाशी शेंदरी थर दिसला तर तो शिशाचा आहे, तोही ओला करूनच घासावा.

कोकणात रंगाआधी गोड्या पाण्याने धुणे सोडून चालणार नाही. पत्र्यावर मीठ राहिले तर वरचा उत्तम इपॉक्सी प्रायमरसुद्धा वर्षभरात फुगतो. धुवा, पूर्ण वाळू द्या, तारेच्या ब्रशने घट्ट पत्र्यापर्यंत जा आणि त्याच दिवशी प्रायमर लावा. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी करा. मे अखेरीस, ढग आल्यावर करू नका. दांडे आणि दट्ट्याचे दंड यांना रंग लावूच नये, ग्रीस किंवा मेण लावावे. दांड्यांवर ठोकलेले आकडे सापडतील. ते त्या इंजिनाचे कागदपत्र आहेत, ग्राइंडरने घासू नका.

बॉयलरचे पोट कोरडे ठेवायचे असेल तर स्टीलच्या उथळ ताटलीत कळीचा चुना ठेवून प्लग बंद करतात. चुना फुगतो, म्हणून ताटली अर्धीच भरावी. एक किलो चुना सुमारे ३२० ग्रॅम ओल शोषतो. बंद हवेपुरते हे पुष्कळ आहे, पण बॉयलर कुठे ना कुठे श्वास घेतोच, तेव्हा चार-पाच किलो ठेवून पावसाळ्यात महिन्याला बघावा. पीठ झाले की बदलावा. ॲल्युमिनियमची ताटली वापरू नये, चुना ती खातो.

शक्य असेल तर वर्षातून एकदा इंजिन पहारीने रुळावर पाव फेरा तरी सरकवा. एकाच जागी भार राहिला की बेअरिंगमधले तेल निघून जाते आणि पाणी त्याची जागा घेते. आख तिथेच पट्ट्यासारखा गंजतो आणि चाकावरच्या धावेलाही रुळाजवळ खाच पडते. ही धाव चाकावर बैलगाडीच्या धावेसारखीच गरम करून चढवलेली असते: हजारात एक भाग लहान कातायची, अडीचशे अंश तापवायची, बसवायची आणि निवू द्यायची. तिच्या आणि चाकाच्या सांध्यावर एक आडवी पांढरी रेघ मारून ठेवा. इंजिन सरकवताना रेघेचे दोन तुकडे पुढे-मागे झाले तर धाव सैल झाली आहे, मग ते आणखी ढकलू नका.